टायमिंग बेल्ट घरी बदललात? झाकण लावण्याआधी टायमिंग असं तपासा

बेल्ट चढवताना खुणा अगदी समोरासमोर होत्या, तरी गाडी उठत नाही. किंवा उठते, पण चढाला दम सोडते आणि पेट्रोल पिते. अशा तक्रारींत बेल्ट खराब असतो असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा टायमिंग एका दात्याने सुटलेलं असतं. टायमिंग म्हणजे पिस्टनांना जोडलेला क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम या दोन दांड्यांचा मेळ, आणि दातेरी बेल्ट तो मेळ राखतो. बेल्ट बसवताना खुणा जुळणं ही बसवण्याची पायरी आहे, तपासणीची नाही. तपासणी सुरू होते टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) आवळल्यावर आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवल्यावर. तीच वगळली जाते, कारण तोवर संध्याकाळ झालेली असते आणि किल्ली मारून बघायची घाई असते.

सेल्फ मारून बघणं ही टायमिंगची चाचणी नव्हे. टायमिंग जास्त सुटलं असेल तर सेल्फच्या पहिल्याच झटक्यात पिस्टन वॉल्व्हवर आदळतो, वॉल्व्ह वाकतात आणि बेल्टच्या कामाचं हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम होतं. डिझेल इंजिनात पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्यात जागाच नसते, त्यामुळे तिथे ही शक्यता जवळजवळ पक्की समजा. पेट्रोल इंजिनांत काही वाचतात, काही नाही. तुमचं वाचणाऱ्यातलं आहे असं धरून चालू नका.

आधी खात्री: बेल्टच आहे ना?

ओम्नी, जुनी मारुती ८००, अल्टो ८००, जुनी १.१ लिटरची सँट्रो, इंडिकाचं १.४ डिझेल, डस्टरचं १.५ डिझेल यांत बेल्ट आहे. अल्टो के-१० आणि १.३ लिटरच्या स्विफ्ट डिझेलमध्ये साखळी असते. साखळीच्या खुणा आणि टेन्शनरची रीत वेगळी, त्यामुळे पुढचे टप्पे तिथे जसेच्या तसे लावू नका.

तयारी

हे काम थंड इंजिनावर करायचं. हेड तापलं की फुगतं, पुल्यांमधलं अंतर वाढतं आणि बेल्ट आहे त्यापेक्षा घट्ट लागतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी उन्हात उभ्या गाडीचं बोनेट हात लावू देत नाही, तेव्हा गाडी रात्रभर सावलीत ठेवा आणि सकाळी सातला काम काढा. उजेडाचाही फायदा होतो. आणि वऱ्हाड घेऊन निघायच्या आदल्या रात्री तर हे काम मुळीच काढू नका.

जवळ हे ठेवा:

- क्रँकच्या बोल्टला बसणारी गोटी (सॉकेट), लांब दांड्याचा रॅचेट किंवा टॉमी
- स्पार्क प्लगचा पाना (डिझेल असेल तर हीटर प्लगला बसणारी गोटी)
- टॉर्क पाना
- छोटा आरसा, टॉर्च आणि फोटो काढायला मोबाइल
- व्हाइटनर किंवा पांढरं नेलपॉलिश
- विणकामाची प्लास्टिकची लांब सुई
- कोरडी सुती फडकी
- तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल, निदान त्यातलं खुणांच्या आकृतीचं पान

शेवटची वस्तू नसेल तर थांबा. पुलीवरच्या खुणा अंदाजाने ओळखायच्या नसतात. त्याचं कारण टप्पा १ मध्ये आहे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या-पुढच्या चाकांना दगड. सगळे स्पार्क प्लग काढा. प्लग निघाले की कॉम्प्रेशन (सिलिंडरात कोंडलेल्या हवेचा दाब) राहत नाही, इंजिन एका हाताने फिरतं आणि कुठे अडलं तर ते बोटांना लगेच कळतं. प्लगच्या खोबणीत काळ्या मातीची धूळ साचलेली असते. प्लग काढण्याआधी हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरात जाईल.

> सावधान: पुल्या पुसायला पेट्रोल किंवा डिझेल वापरू नका. बेल्टच्या रबराला ते चालत नाही. कोरडं फडकं पुरे. क्रँकच्या किंवा कॅमच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर आधी सील बदला. तेलात भिजलेल्या बेल्टचं टायमिंग तपासणं म्हणजे वाया गेलेली सकाळ.

टप्पा १: खऱ्या खुणा शोधा आणि रंगवा

इथेच सर्वाधिक माणसं चुकतात. क्रँकला दोन ठिकाणी खुणा असतात. एक बाहेरच्या मोठ्या पुलीवर, जिच्यावर अल्टरनेटरचा पट्टा चालतो. दुसरी आतल्या दातेरी पुलीवर. बेल्टसाठी आतली खूण धरायची. मारुतीच्या जुन्या इंजिनांत आतल्या पुलीवरची ठिपक्यासारखी खूण ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर येते. क्रँकची चावी (पुली क्रँकवर फिरू न देणारा धातूचा छोटा तुकडा) वर आली म्हणजे खूण जुळली, असं समजणारे बरेच आहेत. चावीची जागा आणि खुणेची जागा एक असेलच असं नाही.

बाहेरच्या पुलीवर भरवसा न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. बऱ्याच पुल्या दोन भागांच्या असतात आणि मध्ये रबर असतं. जुन्या गाडीत हे रबर सुटतं, बाहेरचं कडं सरकतं आणि त्यावरची खूण खोटं बोलू लागते.

कॅमच्या पुलीवरही एकापेक्षा जास्त खुणा, अक्षरं किंवा भोकं असू शकतात, कारण एकच पुली कंपनी दोन-तीन इंजिनांना वापरते. आकृतीत पाहून नेमकी खूण ठरवा. फिरणारी खूण आणि तिच्यासमोरची स्थिर खूण, दोन्हींवर व्हाइटनरचा बारीक ठिपका द्या. बारीकच. जाड फराटा ओढलात तर एका दात्याचा फरक त्याच्या आतच लपतो.

जुना बेल्ट काढताना त्यावर रेघा मारून त्या नव्या बेल्टवर उतरवल्या असतील, तर त्यांना पुरावा मानू नका. आधीच्या मिस्त्रीने एक दाता चुकवला असेल तर तीच चूक तुम्ही प्रामाणिकपणे उतरवून घेतली.

टप्पा २: ढिलाई कुठल्या बाजूला आहे ते पाहा

इंजिन चालताना क्रँक बेल्ट ओढतो. ओढली जाणारी बाजू ताणाची आणि दुसरी ढिली. टेन्शनर नेहमी ढिल्या बाजूला बसवलेला असतो. म्हणून बेल्ट चढवायचा क्रम असा: आधी क्रँक, मग ताणाच्या बाजूने वर कॅम, आणि टेन्शनर सगळ्यात शेवटी.

हा क्रम उलटा झाला की ताणाच्या बाजूला थोडी ढिलाई उरते. खुणा त्या क्षणी जुळलेल्या दिसतात. मग क्रँक फिरला की आधी ती ढिलाई खाल्ली जाते, कॅम नंतर हलतो आणि कॅम मागे पडतो. घरच्या कामात दिसणारी ‘एक दाता लेट’ ही चूक बहुतेक अशीच जन्मते.

फिरवण्याआधी ताणाची बाजू अंगठ्याने दाबून पाहा. ती तारेसारखी सरळ हवी. तिथे पोट दिसत असेल तर पुढे जाऊ नका. बेल्ट कॅमवरून उतरवून पुन्हा चढवा.

टप्पा ३: टेन्शनर लावा

टेन्शनर स्प्रिंगचा असेल तर बोल्ट ढिला ठेवून स्प्रिंगला तिचं काम करू द्या. पान्याने रेटून वाढीव ताण देऊ नका. जुन्या मारुती इंजिनांत बोल्ट ढिला ठेवूनच क्रँक दोन फेरे फिरवायचा आणि मग आवळायचा, अशी रीत आहे. त्यामुळे स्प्रिंग सगळीकडे सारखा ताण वाटून देते. टेन्शनर आपोआप चालणारा असेल तर त्याचा काटा खिडकीतल्या खाचेसमोर आला पाहिजे. हायड्रॉलिक असेल तर त्याची पिन काढायला विसरू नका. ही पिन विसरून गाडी चालू केलेले महाभाग प्रत्येक तालुक्यात सापडतील.

टेन्शनरचा बोल्ट आठ मिलिमीटरचा असेल तर साधारण २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळला जातो, पण अंतिम आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच धरा.

> तपासा: कॅम किंवा क्रँक जागेवर धरायला पिना लावल्या असतील तर त्या आता काढा आणि समोर फडक्यावर मांडा. जितक्या लावल्या तितक्या मोजा. एक पिन आत राहिली आणि तुम्ही दांड्यावर जोर दिला, तर पिन तरी तुटेल नाहीतर तिच्या भोकाचं तोंड फुटेल.

टप्पा ४: दोन फेरे, हाताने

गोटी क्रँकच्या बोल्टवर लावा आणि इंजिन चालतं त्याच दिशेला सावकाश फिरवा. बहुतेक गाड्यांत पुलीसमोर उभं राहिलं की ही दिशा घड्याळाच्या काट्यांची असते. होंडाच्या काही जुन्या इंजिनांत ती उलटी आहे, म्हणून मॅन्युअल बघून घ्या.

कॅमच्या बोल्टवर पाना लावून इंजिन फिरवू नका. तसं केलं की ताण उलट्या बाजूला जातो आणि बेल्ट दाता सोडू शकतो.

फिरवताना हातावर लक्ष ठेवा. वॉल्व्हच्या स्प्रिंगांचा विरोध कमी-जास्त होत राहतो, तो मऊ असतो. प्लग काढले नसतील तर कॉम्प्रेशनचाही दाब लागतो. तोही दाबून धरला की हळूहळू उतरतो. पण ‘टक्’ करून कडक अडलं, लोखंडाला लोखंड लागल्यासारखं, तर तिथेच हात थांबवा. दांडा लांब घेऊन जोर लावायची ती वेळ नव्हे. वॉल्व्ह पिस्टनला टेकला आहे. किंचित मागे घ्या, बेल्ट उतरवा आणि टप्पा १ वर या.

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. म्हणून पहिल्या फेऱ्यानंतर क्रँकची खूण जागेवर येते आणि कॅमची नेमकी विरुद्ध बाजूला दिसते. घाबरायचं कारण नाही. दुसरा फेरा पूर्ण करा.

> सावधान: खूण थोडी पुढे निघून गेली तर इंजिन मागे घेऊन जुळवू नका. मागे घेतलं की ताणाची बाजू ढिली पडते आणि जुळलेलं टायमिंगही चुकीचं दिसतं. आणखी पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शेवटचे काही अंश हळू जा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

नव्या बेल्टवर छापलेल्या रेघा आता पुल्यांच्या खुणांवर येणार नाहीत, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. समजा क्रँकला २० दाते, कॅमला ४० आणि बेल्टला १०३ दाते आहेत. मग त्या रेघा पुन्हा त्याच जागी यायला क्रँकचे २०६ फेरे लागतील. रेघा फक्त पहिल्यांदा चढवताना कामाच्या. दोन फेऱ्यांनंतर फक्त पुल्यांच्या खुणा पाहायच्या.

टप्पा ५: खूण सरळ समोरून वाचा

वरून किंवा तिरकं पाहिलं तर जुळलेली खूण अर्धा दाता सरकलेली दिसते. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि इंडिकात पुली बॉडीला चिकटून, म्हणजे डोळा समोर नेणं अवघडच. मोबाइल पुलीच्या समोर, तिच्या मध्याच्या उंचीवर धरा, फोटो काढा आणि मोठा करून पाहा. आधी क्रँक पक्का करा, मग कॅम. क्रँक चार अंश अलीकडे असताना कॅमचा न्याय करू नका.

आता जे दिसेल त्याचा अर्थ असा.

*दोन्ही बरोबर समोर:* पुढच्या टप्प्याला जा.

*कॅम एक पूर्ण दाता चुकलेला:* क्रँकच्या पुलीला २० दाते असतील तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. हा फरक ‘चालून जाईल’ असा नाही. फिरण्याच्या दिशेत कॅमची खूण स्थिर खुणेच्या अलीकडे थांबली असेल तर कॅम लेट आहे. पलीकडे गेली असेल तर आगाऊ.

*अर्धा दाता चुकलेला दिसतो:* इथे बेल्ट पुन्हा पुन्हा काढून वेळ घालवू नका. बेल्ट नेहमी पूर्ण दात्यानेच चुकतो, अर्ध्याने चुकूच शकत नाही. कारण दुसरीकडे शोधा. तिरकी नजर, क्रँक नेमका न थांबणं, चुकीची खूण, क्रँकच्या चावीची झिजलेली खाच, चुकीच्या मापाचा बेल्ट. हेड आधी घासून घेतलेलं असेल तर ते खाली बसतं, पुल्यांमधलं अंतर कमी होतं आणि कॅमची खूण थोडी सरकलेली दिसते.

टप्पा ६: दाता दुरुस्त करणं

क्रँक खुणेवर ठेवा. टेन्शनर सोडा, बेल्ट फक्त कॅमवरून उतरवा. कॅमच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून कॅम एका दात्याने हलवा, ताणाची बाजू सरळ ठेवून बेल्ट चढवा. मग टप्पा ३ पासून पुन्हा सगळं. मधलं काहीही गाळायचं नाही.

कॅम एक-दोन दात्यांहून जास्त हलवायचा असेल तर आधी पिस्टन खाली घ्यावे लागतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक खुणेपासून ९० अंश मागे घेतला की चारही पिस्टन मधोमध येतात. ओम्नी, ८०० आणि अल्टो तीन सिलिंडरच्या आहेत, तिथे हा नियम लावू नका. तिथे ९० अंशांवर एक पिस्टन अगदी वरच्या टोकाजवळ, जेमतेम ३० अंश अंतरावर असतो. तीन सिलिंडरला ६० अंश मागे घ्या. मग एक पिस्टन तळाशी आणि बाकीचे दोन सुरक्षित अंतरावर. बेल्ट उतरलेला असताना क्रँक मागे फिरवायला हरकत नाही. मनाई आहे ती बेल्ट चढलेला असताना.

टप्पा ७: खुणांवर विश्वास न ठेवता तपासणी

पुली कधीतरी बदललेली असेल किंवा खुणेबद्दल शंका असेल तर हा टप्पा टाळू नका.

पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून प्लास्टिकची सुई आत सोडा. ती पिस्टनला टेकते. वरचं टोक हातात धरूनच ठेवा. भोक तिरकं असेल तर सुई अडकून मोडू शकते, म्हणून क्रँक अगदी हळू फिरवा. अगदी वर पिस्टन काही अंश जागचा हलतच नाही, त्यामुळे ‘सर्वांत वर’ नजरेने ठरवणं फसवं आहे. त्याऐवजी पिस्टन वर जाताना टोकाच्या ५ मिलिमीटर खाली असतो तिथे पुलीवर एक रेघ मारा. तसेच पुढे फिरवत राहा. पिस्टन उतरताना पुन्हा ५ मिलिमीटर खाली आला की दुसरी रेघ. दोन्ही रेघांचा मध्य हा खरा वरचा बिंदू. क्रँकची खूण त्याच्याशी जुळायला हवी.

इंडिकाच्या १.४ डिझेलला ही युक्ती चालत नाही. हीटर प्लगचं भोक पिस्टनवर उघडत नाही, शेजारच्या छोट्या कक्षात उघडतं.

आता टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढा. क्रँक वरच्या बिंदूवर आणि पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असेल तर त्याचे दोन्ही वॉल्व्ह पूर्ण बंद आणि कॅमचे उंचवटे दूर वळलेले असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात त्याच वेळी चौथ्या सिलिंडरकडे पाहा: एक्झॉस्ट वॉल्व्ह मिटत आलेला आणि इनटेक नुकता उघडू लागलेला, दोन्ही उंचवटे सारख्या तिरकसपणे उभे. काही इंजिनांत खुणा जुळतात तेव्हा चौथा कॉम्प्रेशनवर आणि पहिला त्या अवस्थेत असतो, तेही बरोबरच. तीन सिलिंडरला शेजारी बघून उपयोग नाही. तिथे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असताना आणखी एक पूर्ण फेरा द्या आणि त्याच सिलिंडरचे वॉल्व्ह पाहा.

एका दात्याचा फरक इथे डोळ्यांना कळतो. एक वॉल्व्ह स्पष्ट उघडा आणि दुसरा अजून हललेलाही नाही, असं दिसलं तर खुणा काहीही म्हणोत, टायमिंग चुकलं आहे.

डिझेलवाल्यांसाठी: पंपाची पुली

इंडिकाच्या १.४ डिझेलमध्ये हाच बेल्ट डिझेल पंपही फिरवतो, म्हणजे तिसरी खूण आली. दोन फेऱ्यांनंतर क्रँक, कॅम आणि पंप तिन्ही एकाच वेळी जुळले पाहिजेत. पंप आगाऊ बसला तर इंजिन थंड असताना ठणठण वाजतं. लेट बसला तर सुरू व्हायला त्रास, पांढरा धूर आणि ओढ कमी. कॅम बरोबर आणि पंप एक दाता चुकलेला असेल तर गाडी चालते, आणि मग लोक महिनाभर नोझल बदलत बसतात.

टप्पा ८: ताणाची शेवटची तपासणी

आणखी चार फेरे फिरवा. खुणा पुन्हा पाहा, मग ताण पाहा. हाताने आवळायच्या टेन्शनरला जुना अंदाज असा: सर्वांत लांब, मोकळ्या बाजूचा बेल्ट अंगठा आणि बोटाने पिळला तर साधारण ९० अंश वळावा, त्याहून सहज नाही. हा अंदाजच आहे. मॅन्युअलमध्ये माप दिलं असेल तर तेच खरं. जास्त घट्ट बेल्ट गाडी चालू झाल्यावर ‘सूं’ असा आवाज काढतो आणि तो वॉटर पंप फिरवत असेल तर पंपाचं बेअरिंग खातो. ढिला बेल्ट झाकणावर फडफडतो आणि थंडीच्या सकाळी सेल्फच्या झटक्याला दाता सोडतो.

टप्पा ९: पहिला स्टार्ट

टॅपेट कव्हर, खालचं झाकण आणि क्रँकची पुली लावा. तिचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा. वरचं झाकण तेवढं राहू द्या. प्लग अजून बाहेरच. बॅटरी जोडा, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि इग्निशनची जोडणी काढा आणि दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. बेल्ट पुलीच्या मधोमध चालतो का पाहा. कडेला सरकत असेल तर टेन्शनर किंवा आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी चाकी) तिरका बसला आहे. मग प्लग लावून पुन्हा सेल्फ मारा. लय एकसारखी हवी. मध्येच एक ठोका हलका जात असेल तर त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही. सगळं ठीक असेल तर फ्यूज आणि इग्निशन परत जोडा आणि गाडी सुरू करा.

सुरू झाल्यावर काय दिसलं तर काय समजायचं:

- सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखंच कमी: टायमिंग चुकलं.
- एक-दोन सिलिंडरांचंच कमी: वॉल्व्ह वाकल्याची शंका घ्या.
- चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरवर पी ००१६: क्रँक आणि कॅमच्या सेन्सरांचा मेळ बसत नाही. सेन्सर विकत घेण्याआधी खुणा पाहा.
- व्हॅक्यूम गेजचा काटा स्थिर, पण खाली: कॅम लेट असण्याची शक्यता. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तिथे दोनेक इंच कमीच दिसणार. तो दोष धरू नका.

कार्ब्युरेटरच्या जुन्या ८०० आणि ओम्नीत एक खास फसगत होते. डिस्ट्रिब्यूटर कॅमवरच फिरतो, त्यामुळे कॅम एक दाता चुकला की ठिणगीही तितकीच चुकते. मग कुणीतरी डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी जागेवर आणतं, गाडी बऱ्यापैकी चालू लागते आणि खरा दोष झाकला जातो. बेल्ट बदलल्यानंतर डिस्ट्रिब्यूटर नेहमीपेक्षा बराच फिरवावा लागत असेल, तर तो हात काढा आणि झाकण उघडा.

वरचं झाकण सगळ्या बोल्टांसह आणि रबरासह बसवा. एक बोल्ट कमी पडला म्हणून फट ठेवली तर काळी धूळ आणि हंगामात कापसाचा तंतू आत जाऊन पुल्यांत बसतो. पहिली फेरी गावातल्या गावात, दहा-पंधरा किलोमीटर. कन्नडचा किंवा मांजरसुंब्याचा घाट त्या दिवशी नको. परत आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, वरचं झाकण काढून ताण आणि कॅमची खूण पुन्हा एकदा पाहा, आणि झाकणावर पक्क्या मार्करने तारीख व किलोमीटर लिहून ठेवा.